सायकल, द्राक्षबागा आणि परेरासाहेबांचं नाक

बारामतीच्या वाइन कारखान्यात मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कळस गावानं त्याचा अर्थ एकच लावला. मेंढपाळाच्या घरातली, एवढी बी.एस्सी. झालेली कुसुम दारूच्या भट्टीवर कामाला जाते. आईला बाजारात कुणी विचारलं की ती म्हणायची, "द्राक्षाच्या रसाची कंपनी हाय," आणि पिशवी उचलून पुढं चालू लागायची. ती खोटं बोलत नव्हती. रसापर्यंतचं सगळं खरं होतं, त्याच्या पुढचं तेवढं ती गाळायची.

या अंकाच्या संपादकांना माझ्या नोकरीची हकिगत हवी आहे. बढत्या, बदल्या, साहेबांशी झालेले खटके यातलं काही वाचण्यासारखं नाही. तीस वर्षांत मनात राहिली ती मुख्यतः एक सायकलफेरी. नव्वदच्या दशकाचा मध्य, फेब्रुवारी महिना, द्राक्षाच्या तोडीचे दिवस.

आधी कामाबद्दल दोन शब्द. मी प्रयोगशाळेत होते. पण तोडीच्या दिवसांत प्रयोगशाळा बागेतच जाते. द्राक्षाचा थेंब टाकून डोळ्याला लावायची एक नळी असते, तिच्यात साखर किती ते दिसतं. शेतकरी तिला दुर्बीण म्हणायचे. मी सायकलच्या टोपलीत दुर्बीण, बाटल्या आणि भाकरी घालून सणसर, लासुर्णेपर्यंतच्या बागा फिरायची. वाइनची द्राक्षं बारीक, बियांची आणि जाड सालीची असतात. बाजारात ती कुणी हातात धरणार नाही. त्यामुळं ती लावणारा शेतकरी पूर्णपणे आमच्या भरवशावर असायचा.

दुसरं काम चाखण्याचं. वाइन उजेडात धरायची, हुंगायची, घोटभर तोंडात घेऊन घोळवायची आणि थुंकायची. गिळली तर दहाव्या पेल्याला जीभ काही सांगेनाशी होते. मी आयुष्यभर वाइन चाखली भरपूर, प्यायले जवळपास नाही. गावात हे कुणाला पटलं नाही.

तर त्या फेब्रुवारीत मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातून परेरासाहेब आले. हॉटेलात कोणती वाइन ठेवायची, कोणती नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. त्यांनी आमची घेतली तर बाकीची हॉटेलं आपोआप येतील असं आमचे मॅनेजरसाहेब आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. परेरा मूळचे वसईचे. उंच, सडसडीत, केस सगळे पांढरे, मराठी स्वच्छ. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्यासाठी जीप धुऊनपुसून उभी केली होती.

"जीप नको," परेरा म्हणाले. "डिझेलचा वास नाकात बसतो. मला सायकल द्या. बागेतून बागेत जाऊ, ज्या बागेची वाइन त्याच बागेत उभं राहून चाखू. बरोबर रस्ता माहीत असलेलं माणूस द्या."

रस्ता माहीत असलेलं आणि सायकल चालवणारं माणूस म्हणजे मी. पहारेकऱ्याची काळी उंच सायकल परेरांना मिळाली. बाटल्या मी ओल्या गोणपाटात गुंडाळून, मध्ये पेंढा घालून कॅरिअरला बांधल्या. निघताना मॅनेजरसाहेब हळूच म्हणाले, "कुसुमबाई, त्यांचा मूड सांभाळा. ते चांगलं म्हणतील त्याला आपण चांगलंच म्हणायचं."

सकाळ गार होती. नीरेच्या डाव्या कालव्याच्या कडेनं आम्ही निघालो. दोन्हीकडं ऊस आणि मधूनमधून द्राक्षाचे मांडव. परेरा बोलत फार नव्हते. प्रत्येक मळ्याशी वेग कमी करून मान वर करायचे, दीर्घ श्वास घ्यायचे. मला वाटलं, मुंबईचा माणूस आहे, मोकळी हवा खातोय.

पहिली बाग सणसरच्या बापूरावांची. बापूराव म्हणजे मोठ्या आवाजाचा, हसरा माणूस. त्यांच्या द्राक्षांची पांढरी वाइन मी मांडवाखालीच उघडली. परेरांनी पेला उजेडात धरला, नाकाशी नेला, घोट घेतला, थुंकला आणि माझ्याकडं वळले.

"तुम्ही सांगा आधी."

मी सांगितलं. कच्च्या पेरूसारखा वास, आंबटपणा नीट, शेवटाला किंचित कडवट.

"बरोबर," ते म्हणाले.

माझी परीक्षा चालली आहे असं समजून मी जरा फुगले. बापूराव मात्र थुंकलेल्या जागेकडं बघत होते.

"थुकायचंच हाय तर बनवली कशापायी?" त्यांनी विचारलं आणि आपला पेला एका घोटात संपवला. "आंबट हाय. पर आपल्याच बागंची हाय म्हनल्यावर बरी लागती."

परेरा मनापासून हसले. वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं की वाइन पिताना बापूरावांचा चेहरा कसा झाला होता. हा काय प्रश्न, असं मला वाटलं.

ऊन चढल्यावर आम्ही लासुर्ण्याच्या तात्यांच्या बागेत पोहोचलो. तात्या माळकरी. कंपनीला द्राक्षं देत होते, पण घरात कुणी थेंबाला शिवत नव्हतं. त्यांनी आम्हाला घोंगडं अंथरून दिलं, ताक दिलं आणि "तुमचं काय असंल ते चालू द्या, मी पाण्याचं बघून येतो," म्हणून ते शहाणपणानं दूर गेले.

मी त्यांच्या पांढऱ्या वाइनची बाटली उघडली आणि पेला नाकाशी नेला. ओल्या, कुजक्या पोत्याचा वास. आधी वाटलं, गुंडाळलेल्या गोणपाटाचाच असेल. हात धुतले, पेला धुतला, पुन्हा ओतली. तोच वास. याला आम्ही 'बूच लागणं' म्हणतो. बाटलीच्या बुचातच दोष असतो आणि तो वाइनचा सगळा सुगंध खाऊन टाकतो. जिभेला फारसं कळत नाही, नाकाला मात्र पहिल्या क्षणी कळतं. शिकाऊ पोरगासुद्धा ती बाटली बाजूला ठेवेल.

मी तोंड उघडणार त्याआधीच परेरांनी आपला घोट घेऊन थुंकला होता. या वेळी त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. कदाचित ताकामुळं, सावलीमुळं ते निवांत झाले होते.

"सुंदर," ते म्हणाले. "फळाचा वास किती मोकळा आहे! ही आपण नक्की घेऊ."

 मॅनेजरसाहेबांचे शब्द कानात होते. ते चांगलं म्हणताहेत, आपण चांगलं म्हणायचं. एवढं सोपं होतं. वाइन मुळात वाईट नव्हती, कारखान्यात मी ती चाखली होती. एवढी एक बाटली खराब निघाली होती. दुसरी फोडली असती तर चांगलीच निघाली असती. कुणाचं काही बिघडणार नव्हतं.

पण ज्या माणसाच्या नाकावर सगळ्यांचा भरवसा, त्याला हे कळलं नाही, ही गोष्ट मला बसू देईना.

"साहेब," मी म्हणाले, "ही परत एकदा बघता का?"

त्यांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "काय आहे?"

"बूच लागलंय."

त्यांनी पेला वरंब्यावर ठेवला. तो कलंडला, वाइन मातीत गेली. त्यांनी तो उचललाही नाही. तेवढ्यात तात्या परत आले आणि ऊस, कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या यांवर बोलत बसले. परेरा मान हलवत होते, पण त्यांचे डोळे भलतीकडंच होते.

तिथून निघाल्यावर थोड्या अंतरानं ते कालव्याच्या पुलाशी उतरले. सायकल कठड्याला टेकवली आणि म्हणाले, "बसा जरा, कुसुमताई."

मागच्या पावसाळ्यात त्यांना मोठा ताप आला होता. ताप उतरला आणि वास गेला तो गेलाच. चहा म्हणजे गरम गोड पाणी. मासळी म्हणजे मीठ लावलेला कापूस. डॉक्टर म्हणाले होते, येईल, किंवा येणारही नाही.

"हॉटेलात कुणाला माहीत नाही?"

"घरी बायकोला माहीत आहे. मी गॅस नीट बंद केला का, ते ती रोज बघते." ते थोडं हसले. "निवृत्तीला थोडे महिने उरलेत. म्हटलं, निभावून नेऊ. मी चेहरे चाखतो आता. शेजारचा माणूस पेला हुंगतो तेव्हा त्याच्या कपाळाकडं, नाकपुड्यांकडं बघायचं. चाळीस वर्षं हेच केलंय, त्यामुळं चेहऱ्यावरून बरंच कळतं. आज सकाळपासून तुमचा चेहरा चाखतोय."

 कालव्याचं पाणी संथ चाललं होतं.

"मग सायकलचा हट्ट कशाला धरलात?" मी विचारलं.

"वाटलं, जिथं द्राक्ष पिकतंय तिथं उघड्यावर फिरलो तर एखाद्या वळणावर येईल परत." त्यांनी चेहऱ्यावरून रुमाल फिरवला. "वेडेपणाच आहे. पण घरी बसून तरी काय करायचं?"

माझा राग कुठच्या कुठं गेला. खरं तर राग होता हेच मला तेव्हा कळलं. आपण ज्याला परीक्षा समजत होतो ती एका घाबरलेल्या माणसाची धडपड होती.

मुक्काम कळसला आमच्या घरी ठरला होता. मला त्याचीच धास्ती होती. माझ्या वडिलांची, आबांची, मेंढरं बहुतेक विकून झाली होती, शेतीला कालव्याचं पाणी आलं होतं, तरी दहापंधरा मेंढरं त्यांनी ठेवलीच होती. ती कोंडायचं वाडगं घराला लागून. पुण्यात वसतिगृहात असताना मी घरून आलेले कपडे खोलीत नेण्याआधी दोनदा धुवायची, त्यांना मेंढरांचा वास येतो म्हणून. आता मुंबईच्या हॉटेलातला माणूस त्याच वाडग्याशेजारी झोपणार होता.

आबांनी त्यांचं स्वागत केलं ते फेटा सावरत.

"या, या. बसा. कुसुम, पाव्हण्यास्नी पाणी दे. तुमी त्या दारूच्या कामाचं का?"

"होय आबा, त्याच कामाचा."

"बरं बरं. जेवन करा आधी."

बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, कांदा. परेरा सावकाश जेवत होते. आईला वाटलं, त्यांना आवडलं नाही.

"मीठ कमी पडलं का वं?" तिनं विचारलं.

"नाही आई. मीठ कळतंय. बाकीचंच कळत नाही." आणि जी गोष्ट या माणसानं हॉटेलात कुणालाही कळू दिली नव्हती ती त्यानं भाकरी मोडतामोडता आमच्या घरात सांगून टाकली.

आबांनी नीट ऐकून घेतलं. "वास येत न्हाय म्हंजी? कसलाच न्हाय?"

"कसलाच नाही."

"श्यानाचा?"

"नाही."

"आवं, मग सकाळच्याला वाडग्यात या माज्यासंगं. रातभर मेंढरं कोंडलेली आस्त्यात. त्यो वास ज्याला आला न्हाय त्यानं नाकाची आशाच सोडावी."

"आबा!" मी ओरडले. परेरांना मात्र हसू आवरेना. हसताहसता त्यांना ठसका लागला, आईनं पाणी दिलं.

पहाटे उठून मी अंगणात आले तर दोघं खरंच वाडग्याकडं निघालेले. मी धावत गेले. "साहेब, चला आत, चहा झालाय. तिकडं फार वास येतो."

परेरांनी हात वर करून मला थांबवलं.

आबांनी वाडग्याच्या दाराचं झाप सरकवलं. मेंढरं एकमेकांना ढकलत बाहेर निघाली. रात्रभराची ऊब, लेंड्या, मूत, लोकर, सगळा दर्प एकदम अंगावर आला. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. परेरा दाराच्या मधोमध उभे, मेंढरं त्यांच्या पायांना घासून जात होती आणि ते मान जरा तिरकी करून लांबून कुणी हाक मारावी तसे थांबले होते.

"थांबा," ते म्हणाले. आम्ही दोघं हलत नव्हतोच. "येतोय. काहीतरी येतंय."

"कसला?" आबांनी विचारलं.

"उग्र. गरम. लोणी कडवताना करपलं की..." त्यांनी पुन्हा श्वास घेतला. "गेला. नाही, आहे. आहे हो, आहे!"

त्यांनी वाकून एक कोकरू उचललं आणि त्याच्या मानेत नाक खुपसलं. कोकरू बें बें करत लाथा झाडतंय, साहेबांचा पांढरा शर्ट मळलाय, डोळ्यांतून पाणी वाहतंय. आबा मला म्हणाले, "बघ. आन तू मला मेंढरं इका म्हनतीस."

तो वास पाचेक मिनिटं टिकला असेल. चहाच्या वेळी पुन्हा काही नव्हतं. पण परेरा बदलले होते. डाळजकडं जाताना ते सायकल चालवताचालवता शीळ घालत होते.

डाळजची बाग सिंधूताईंची. नवरा वारल्यावर दिरांनी ऊस लावा म्हणून आग्रह धरला होता. तो न जुमानता त्यांनी काळी द्राक्षं लावली होती. त्यांच्या द्राक्षांची लाल वाइन आमच्या कारखान्याची मोठी आशा होती. मांडवात शिरतानाच परेरा मला म्हणाले, "आता मी नाटक करणार नाही. तुम्ही चाखा, मी तुमचा शब्द हॉटेलात नेतो. तो कुणाचा आहे तेही सांगतो."

"साहेब, मी कंपनीचा पगार खाते. माझा शब्द तुम्हाला कसा चालेल?"

"काल लासुर्ण्यात तुम्ही गप्प बसू शकला असतात. माझ्या दृष्टीनं तो विषय तिथं संपला."

मी पेला घेतला. रंग देखणा, वास बरा. तोंडात घेतली आणि जीभ टाळ्याला चिकटली. कच्च्या सुपारीसारखी तुरट. वाइन पिंपातून घाईनं काढली होती. सिंधूताई पदर खोचून समोर उभ्या होत्या. दोन वर्षांच्या कष्टांचा निकाल लागायचा होता आणि तो मला द्यायचा होता. कारखान्याचं माणूस म्हणून मला सरळ 'छान' म्हणता आलं असतं. नाक नसलेला परीक्षक समोर होता.

"लाल आत्ता घेऊ नका साहेब," मी म्हणाले. "अजून एक वर्ष थांबायला हवं. पांढरी न्या. बापूरावांची आणि तात्यांची, दोन्ही."

सिंधूताईंचा चेहरा उतरला. "माज्या द्राक्षात खोट हाय का बाई?"

"न्हाय ताई. द्राक्षं बागंत व्हती तवर लई चांगली व्हती. घाई आमी केली."

"मग ह्या साली माल घेनार का न्हाय, तेवढं बोल."

"घेणार. माझ्यापाशी दुर्बीण हाय, साखर भरली की पहिली तोड तुमचीच."

हे सांगायचा अधिकार मला नव्हता. पण सांगून बसले आणि नंतर तो शब्द पाळताना बरीच भांडणं केली.

दुपारी न्यायला जीप आली. बारामतीला पोहोचल्यावर परेरांनी मॅनेजरसाहेबांना माझ्यासमोर सगळं सांगितलं. पांढरी घेतो, लाल नाही, आणि का नाही तेही. मॅनेजरसाहेब पाहुण्यांसमोर हसले. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "आपल्याच मालाला नावं ठेवायला पाठवलं होतं का तुम्हाला?" पुढं कितीतरी महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मात्र लाल वाइनची पिंपं त्यांनी हलवली नाहीत. वर्षानं त्यांनीच मला बोलावून पेला पुढं केला आणि माझा चेहरा बघत राहिले. मी मान हलवली. तिथं एक अक्षरही न बोलता आमचा तह झाला.

परेरांनी मुंबईला परत जाऊन हॉटेलात स्वतःहून खरं सांगितलं, हे मला खूप उशिरा कळलं. त्यांना घरी बसवलं नाही. उरलेले महिने त्यांनी नवी मुलं तयार केली. पेला कसा धरायचा, बाटली कशी उघडायची, आणि न आवडलेली गोष्ट गिऱ्हाइकाला न दुखावता कशी सांगायची. त्यांच्या सांगण्यावरून हॉटेलवाल्यांनी मला दोनदा चाखायला बोलावलं. पहिल्या खेपेला सोबत म्हणून आबा आले होते. गारेगार दालनात, फेटा बांधून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि सुटाबुटातली माणसं माझ्या तोंडाकडं बघत थांबलेली त्यांनी पाहिली. गावी त्यांनी पारावर काय सांगितलं ते मला माहीत नाही. त्यानंतर आई मात्र बाजारात रसाच्या कंपनीवर थांबेनाशी झाली, पुढचंही सांगू लागली.

आता आमच्या भागात वाइनची द्राक्षं फार कमी उरलीत. तात्यांच्या मुलांनी बाग मोडून ऊस केला, बापूरावांकडं डाळिंब आहे. सिंधूताईंनी सगळ्यांत जास्त वर्षं तग धरला. कारखान्यानं करार कमी करत आणले तेव्हा त्यांना ते सांगायलाही मलाच जावं लागलं. त्यांनी भांडण केलं नाही, चहा दिला. ते मला अजून लागतं. अलीकडं दुसरीकडं कुठं कुठं सायकलवरून द्राक्षबागा दाखवतात, वाटेत वाइन चाखायला देतात आणि त्याची जाहिरात करतात असं ऐकते. चांगलं आहे. आम्हाला तेव्हा ते सहलीसारखं करता येतं हे सुचलं नव्हतं.

परेरांना मी शेवटचं भेटले ते वसईला, त्यांच्या घरी. वाडीत केळी, जास्वंद, मागं विहीर. त्यांची पत्नी मार्था यांनी आग्रहानं जेवायला थांबवलं. मी विचारलं, नाकाचं काय म्हणता?

"कधी येतो, कधी जातो," ते म्हणाले. "बोलावून येत नाही. वाइन पार गेली. पण एखाद्या दिवशी साबण येतो, एखाद्या दिवशी पाऊस. मी तक्रार करत नाही."

जेवायला बसलो तेवढ्यात शेजारच्या घरी कुणीतरी सुके बोंबील भाजायला घेतले. धुरासकट वास खिडकीतून आत आला. आम्ही देशावरची माणसं, मला तो सोसवेना. मी नकळत पदर नाकाशी नेला. ते बघून मार्थाबाई ओशाळल्या, खिडकी लावायला उठल्या.

"राहू दे," परेरा म्हणाले. त्यांचा घास हातातच थांबला होता, डोळे मिटलेले होते. "मार्था, उघडी राहू दे."

मी पदर खाली घेतला. ते घास तोंडात घालेपर्यंत आम्ही दोघी तशाच थांबलो.